दुकानाला सर्व्हर हवा की साधा संगणक?

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि कीर्द-खतावणीवर हयात घालवलेल्या आम्हा कापड व्यापाऱ्यांनाही संगणकासमोर बसावे लागले. आता पुढचा प्रश्न येतो आहे. धंदा थोडा वाढला की संगणक विकणारा म्हणतो, "शेठ, आता सर्व्हर घ्या, त्याचा प्रोसेसर मोठा असतो." मोठा म्हणजे काय, हे आपण विचारत नाही. मीही विचारले नाही आणि नुकसान सोसले. तो अनुभव व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहे.

नाशिकच्या माझ्या दुकानासाठी मी एक वापरलेला सर्व्हर घेतला. आत दोन प्रोसेसर, प्रत्येकात १० कोअर, वेग २.२ गिगाहर्ट्झ. विकणाऱ्याचे म्हणणे असे की, २० कोअर म्हणजे २० माणसे एकदम कामाला. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, शिल्लक मालाची यादी उघडायला सव्वा मिनिट लागू लागले. पुतण्याच्या घरी ६ कोअरचा साधा, पण नवा संगणक आहे. तोच हिशेब त्यावर घातला, तर यादी अर्ध्या मिनिटात उघडली. सर्व्हर बिघडलेला नव्हता. मीच चुकीचे माप लावून माल उचलला होता.

कोअर म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला समजणे अवघड नाही. मालेगावच्या एखाद्या कारखान्यात एका बाजूला धोट्याचे २० साधे माग आहेत आणि दुसऱ्या बाजूला ६ वेगवान रॅपियर माग आहेत, असे समजा. एकच तागा तातडीने हवा असेल, तर बाकीच्या १९ मागांचा काही उपयोग नाही, कारण एक तागा दोन मागांवर विणता येत नाही. त्या वेळी एका मागाचा वेगच पाहावा लागतो. कोअर म्हणजे माग आणि गिगाहर्ट्झ म्हणजे त्याचे फेरे.

फेरेही एकटे पाहून चालत नाही, पन्हाही पाहावा लागतो. २००४ साली पेन्टियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला होता. आजचा प्रोसेसर त्याहून कमी आकड्यावरही पुष्कळ जास्त काम उरकतो, कारण एका फेऱ्यात तो अधिक काम करतो.

जीन अ‍ॅमडाल या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९६७ सालीच हा मुद्दा मांडला होता. कामाचा अर्धा भाग एकामागून एक असाच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर लावा, सगळे काम दुपटीहून जलद होणार नाही. ज्या कामाचे तुकडे पडतात, तेथे मात्र संख्येचा फायदा होतो. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक अनेक लहान प्रोसेसर जोडूनच उभा केला. हवामानाचे गणित प्रदेशाचे भाग पाडून वाटून देता येते. दुकानाचे एक बिल तसे वाटता येत नाही.

आता भावाचा हिशेब पाहू. एएमडी या एकाच कंपनीचे, एकाच पिढीचे, २०२२ साली आलेले दोन प्रोसेसर घ्या. साध्या संगणकाचा रायझन ९ ७९५०एक्स : १६ कोअर, कमाल वेग ५.७ गिगाहर्ट्झ, बाजारात आला तेव्हा किंमत ६९९ डॉलर. सर्व्हरचा एपिक ९६५४ : ९६ कोअर, कमाल वेग ३.७ गिगाहर्ट्झ, किंमत ११,८०५ डॉलर. कोअर सहापट, किंमत जवळपास सतरापट. एका कोअरमागे पहिल्यात सुमारे ४४ डॉलर पडतात, दुसऱ्यात सुमारे १२३. आणि तो महाग कोअर एकट्याने धावताना स्वस्त कोअरच्या मागे राहतो!

मग हे जादा पैसे कशाचे? मेमरीकडे जाणारे मार्ग पहिल्याला २ आहेत, दुसऱ्याला १२. शेकडो माणसे एकाच वेळी माहिती मागतात तेव्हा हे मार्ग कामी येतात. शिवाय मेमरीत एखादा आकडा बदलला तर तो पकडून दुरुस्त करण्याची सोय सर्व्हरमध्ये असते आणि रात्रंदिवस चालण्यासाठीच तो बांधलेला असतो. बँकेला, रुग्णालयाला हे हवेच. तीन काउंटरच्या दुकानाने त्यासाठी किती मोजावे, हा विचार करण्याचा मुद्दा आहे.

जाणकारांनी मापेही दोन ठेवली आहेत. १९८८ साली स्थापन झालेली स्पेक ही संस्था 'स्पीड' आणि 'रेट' असे दोन आकडे देते. एक काम किती लवकर झाले, हे पहिला सांगतो. ठरावीक वेळात किती कामे उरकली, हे दुसरा सांगतो. विकणारा बहुधा आपल्या मालाला शोभेल तोच आकडा पुढे करतो.

म्हणून माझी विनंती अशी. पैसे देण्याआधी आपला वर्षाचा हिशेब पेनड्राइव्हवर घेऊन जा. विकणाऱ्याच्या यंत्रावर सर्वांत मोठी यादी उघडा आणि घड्याळ लावा. मग जेवढे काउंटर आहेत तेवढे एकदम चालवून पुन्हा घड्याळ लावा. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि दुसऱ्या दुकानातही तेच करा. हार्ड डिस्क जुनी आहे का, हेही पाहा. पुष्कळदा खोळंबा डिस्कचा असतो आणि बोल प्रोसेसरला लागतो. बॅकअप मात्र रोज घ्या, यंत्र कोणतेही असो.

कोणी नुसता 'मोठा तागा आहे' म्हटले, तर आपण पैसे देत नाही. उलगडतो, पन्हा पाहतो, मीटर लावतो. संगणक घेतानाही तेवढेच करावे.