वास घालवता येतो

कॅन्सरची गाठ कातडी फोडून बाहेर आली की तिला वास येतो. हे वाक्य वाचून बोट पुढे सरकवावंसं वाटेल. सगळे तेच करतात. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळतात, शेजारी येणं कमी करतात, कॅन्सरवर प्रेरणादायी रील बनवणारे केस गळण्यापाशीच थांबतात. मागे उरते ती पेशंट, आतली खोली आणि अगरबत्ती.

वैद्यकात या जखमेला फंगेटिंग वूंड म्हणतात. नावावरून बुरशी वाटते, पण बुरशीचा काही संबंध नाही. मांस अळंबीसारखं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं वर येतं म्हणून हे नाव. स्तनाच्या आणि तोंड-मानेच्या कॅन्सरमध्ये ती जास्त दिसते, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या कॅन्सरांमध्ये. गाठ वाढत जाते, तिच्या काही भागाला रक्त पुरेनासं होतं, तो भाग मरतो आणि त्या मेलेल्या मांसावर ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू पोसतात. वास मुख्यतः त्यांचा. पेशंट अस्वच्छ असते म्हणून तो येत नाही, आणि तिच्या कर्माशी तर त्याचं काहीच देणंघेणं नाही.

या जंतूंवर औषध आहे. मेट्रोनिडॅझोल. जुलाब झाले, दाढ सुजली की देतात तेच. गोळीची बारीक पूड करून धुतलेल्या जखमेवर भुरभुरायची, किंवा त्याचं जेल लावायचं. बहुतेकदा काही दिवसांत वास उतरतो. एक गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त पडते. पॅलिएटिव्ह केअरमधल्या नर्स हे कित्येक वर्षं करत आल्या आहेत. तरी बायका महिनोन्‌महिने त्या वासात पडून राहतात, नातवंडाला जवळ घेत नाहीत, दाराकडे पाठ करून झोपतात.

याला मी एका वाक्याला जबाबदार धरतो: "आता काही करण्यासारखं नाही, घरी घेऊन जा." हे वाक्य खोटं आहे. गाठ घालवण्यासारखं काही उरलं नसेल. वास, वेदना, रक्त, पाझर, खाज यांवर करण्यासारखं भरपूर असतं. ज्याला ते येत नाही त्याने "मला येत नाही" म्हणावं आणि ज्याला येतं त्याचा पत्ता द्यावा. पत्ते आहेत. वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून आहे, पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र 1997 पासून. केरळात तर शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी हे काम उचललं, 2008 मध्ये सरकारने त्याचं धोरण केलं, आणि तिथे पंचायतीच्या आधाराने नर्स घरी येऊन ड्रेसिंग करते. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ड्रेसिंग सून करते. तिला कुणी शिकवलेलं नसतं, आणि आपण त्याला सेवाभाव म्हणून मोकळे होतो.

न शिकवण्याची किंमत पेशंट मोजते. कोरडं गॉज जखमेला चिकटतं आणि दुसऱ्या दिवशी ते ओढून काढलं जातं. त्यासोबत कातडी निघते, रक्त वाहतं, बाई किंचाळते, आणि घरातल्यांना वाटतं की कॅन्सर असाच दुखतो. दुखवलं गॉजने. आधी ते मिठाच्या पाण्याने भिजवून सैल करायचं असतं: अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ. जखम त्याच पाण्याने धुवायची, घासायची नाही. त्यावर व्हॅसलिनचं गॉज, वर पाझर शोषणारं जाड पॅड. परवडत नसेल तर उकळून वाळवलेलं जुनं सुती कापड. (शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांवर केळीचं पान वापरून त्याचा अभ्यासही प्रसिद्ध केला. पान चिकटत नाही. महागड्या ड्रेसिंगच्या जाहिराती बघताना हे आठवावं.) माश्या बसू द्यायच्या नाहीत, कारण अळ्या तिथूनच होतात. अत्तर शिंपडू नये. दोन वास मिसळून मळमळ वाढते.

वेदनेचं म्हणाल तर ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी तोंडाने मॉर्फिन देता येतं. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने ते इतकं अडचणीचं करून ठेवलं की दवाखान्यांनी ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायदा सुधारला. "सवय लागेल" ही भीती मात्र तशीच आहे. जिच्या हाताशी थोडेच आठवडे आहेत तिला सवय लागेल म्हणून तळमळत ठेवायचं, यातलं तर्कशास्त्र मला कुणीतरी समजावून सांगावं.

ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरला वेळ नसतो, हे खरं आहे. मग हे काम नर्सचं आहे असं कागदावर लिहा, त्याचं प्रशिक्षण द्या, त्याचा पगार द्या. आज मोठ्या हॉस्पिटलात ड्रेसिंग रूम म्हणजे कोपऱ्यातली, पंखा नसलेली खोली, आणि तिथली सिस्टर काय सांगते ते केसपेपरवर उतरत नाही. जखम रोज बघते ती. दोन मिनिटं बघणाऱ्याची सही मोठी.

तुम्ही तिशीच्या आतले असाल तर घरात डिस्चार्जचे कागद बहुधा तुम्हीच हाताळता. म्हणून निघण्याआधी विचारा: ड्रेसिंग कोण शिकवणार? माझ्यासमोर एकदा करून दाखवा. वासासाठी मेट्रोनिडॅझोल लिहिलंय का? दुखण्याचं औषध ड्रेसिंगच्या किती आधी द्यायचं? रक्त आलं तर रात्री फोन कुणाला करायचा? थोडं रक्त आलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न उचलता दाबून धरायचं असतं. ट्रॅनेक्सामिक ॲसिडमध्ये भिजवलेलं गॉज ठेवायचं का, हे त्यांनाच विचारा. आणि घरी गेल्यावर गडद रंगाचे दोन टॉवेल पलंगाजवळ ठेवा. पांढऱ्या चादरीवर थोडंसं रक्तही फार दिसतं, आणि ती ते बघत असते.