दहाच्या ठोक्याला अवतार आटोपा!

दशावतारी नाटकातला राक्षस पहाटेच्या सुमारास मरतो, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त सरकारी नियमाला. नियम म्हणतो, रात्री दहाला मृदंग थांबला पाहिजे. आणि सरकारची फारच मर्जी झाली तर वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत वाजू द्यावा. आता बारा वाजता आमच्याकडे काय चाललेले असते? देवाची पालखी प्रदक्षिणा आटोपून देवळात शिरत असते. आडदशावतारातला गणपती रिद्धिसिद्धींसह यायचा असतो, संकासुराने पोरांना हसवायचे असते, आणि त्यानंतर कोठे आख्यानाला तोंड लागते. म्हणजे सरकारने दिलेली सवलत संपते तेव्हा आमचा खेळ सुरू होतो! एका जत्रेत ह्या नियमाची चर्चा चालली असता शेजारचा म्हातारा म्हणाला, "धा वाजता संपवूचा तर मगे राकसाक मारतलो कोण?" ह्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही राजपत्रात नाही.

नियमाची बाजूही ऐकली पाहिजे. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. पुढे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर जो निकाल दिला, त्याच्या मुळाशी एक भयंकर हकिकत होती. एका मुलीवर अत्याचार होत होता आणि कर्ण्यांच्या कोलाहलात तिचा आक्रोश कोणाच्या कानी गेला नाही. ही हकिकत वाचल्यावर कर्ण्यांची वकिली करण्याची मला तरी छाती नाही. आजाऱ्याला झोप हवी, परीक्षेच्या पोराला शांतता हवी. मी मास्तर आहे. मार्च महिन्यात लग्नाच्या वरातीतला तो डीजे खिडक्यांची तावदाने हलवू लागला, की मलाही फौजदार व्हावेसे वाटते.

पण नियम कर्ण्यापाशी थांबला नाही. २०१० साली त्यात दुरुस्ती होऊन 'वाद्य' हा शब्द आत शिरला. आता रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णा नको, तसेच वाद्यही नको. विजेच्या तारेशी ज्याचा काडीचा संबंध नाही तो मृदंग, ती पायपेटी आणि ती झांज ह्यांना डीजेच्या भिंतीशेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. अपवाद कोणाला? बंदिस्त जागेला. सभागृहाला, मेजवानीच्या दालनाला. म्हणजे ज्याच्यापाशी चार भिंती बांधण्याइतका पैसा आहे त्याने रात्रभर गावे, नाचावे. आणि ज्याचे नाट्यगृह म्हणजे देवळापुढचे अंगण, रंगमंच म्हणजे एक बाकडे आणि छत म्हणजे आभाळ, त्याने दहाला गाशा गुंडाळावा.

राज्य सरकारला रात्रीचे वावडे आहे असेही नव्हे. जानेवारी २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ठरवून मुंबईच्या अनिवासी भागांतले मॉल आणि खाणावळी चोवीस तास उघड्या ठेवायला मोकळीक दिली. रात्र जागली तर रोजगार वाढतो, असा युक्तिवाद तेव्हा झाला. तो मला मान्य आहे. मग तोच युक्तिवाद घाट उतरून खाली का येत नाही? जत्रेच्या रात्री खाजेवाला, चहावाला, खेळण्यांवाला आणि पेटारा घेऊन आलेली मंडळी ह्यांची चूल पेटते. 'रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा' असे दशावतारी नटाविषयी आमच्याकडे म्हणतात. त्या राजाचे राज्य एका रात्रीचे. त्यातही तुम्ही अर्धी रात्र कापून घेणार? आणि बारा महिन्यांच्या सवलतीच्या याद्या पाहाल तर गणेशोत्सव आणि नवरात्र ह्यांच्या पंगतीला एकतीस डिसेंबरही जेवायला बसलेला दिसतो!

गणिताची खरी चूक पुढे आहे. पंधरा दिवस हे एका तारखेला सगळीकडे साजऱ्या होणाऱ्या सणांना ठीक. जत्रेचे तसे नाही. कार्तिकात सुरू झालेल्या जत्रा वैशाखापर्यंत गावोगाव फिरतात. आज ह्या गावची, उद्या खाडीपलीकडची. कंपनी रोज रात्री वेगळ्या देवळापुढे उभी असते, पण एका गावाची झोप वर्षातून एकदाच मोडते. जिल्ह्याने पंधराच्या पंधरा दिवस जत्रांना वाहिले तरी ते पुरायचे नाहीत. मोजायच्या त्या तारखा नव्हेत, मोजायचा तो एकेका गावाला होणारा त्रास.

"मग खेळ संध्याकाळी सातला सुरू करा ना!" असे एक शहाणपण ऐकू येते. मुंबईच्या नाट्यगृहांत दशावतार तीन तासांत होतोच की, हा त्याचा पुरावा. होतो, आणि वाईट होत नाही. पण तो नाटकाचा प्रयोग असतो, जत्रा नव्हे. जत्रेत आधी देवाचे व्हायचे असते आणि शेवटी पहाटेला दहीकाला व्हायचा असतो. मधली रात्र ही खेळाची लांबी नसून त्याचे अंगच आहे. लिहिलेली संहिता नसलेला नट रात्र चढते तसा रंगतो. दहाच्या ठोक्याकडे डोळा ठेवून रंगत नाही.

आता थोडे घरच्यांना. 'ट्रिकसीनयुक्त' अशी जाहिरात करणाऱ्या आणि शंभर माणसांपुढे हजारांचे कर्णे लावणाऱ्या कंपन्यांनी आपल्याच पायावर धोंडा घातला आहे. निवासी वस्तीला रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा आहे. पूर्वी नटाचा आवाज कण्यावर उभा राहून शेवटच्या घोंगडीपर्यंत पोचत असे, तेव्हा कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नव्हते. कर्णे उतरवा, मग भांडायला माझ्यासारख्यांचे तोंड मोकळे होईल.

दुसरा प्रश्न नव्या शेजाऱ्यांचा. विजयदुर्गापासून मालवणापर्यंत समुद्राकडे तोंड करून बंगले आणि निवासगृहे उठत आहेत. देवळाशेजारी जागा घ्यायची, आणि पहिल्याच जत्रेला झोपमोडीची तक्रार करायची! परमुलुखात ह्यावर तोड काढली आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराने २००६ साली फोर्टिट्यूड व्हॅली हा भाग संगीतासाठी राखून वेगळी मर्यादा लावली. इंग्लंडने २०१८ साली बांधकामाच्या राष्ट्रीय धोरणातच असे तत्त्व घातले, की जुन्या गाण्याच्या जागेशेजारी जो नवा येऊन बांधील, त्यानेच आवाज अडवण्याची तजवीज करावी. साहेबाला पबातल्या गिटारीसाठी जे सुचले ते आपल्याला मृदंगासाठी सुचू नये?

आज जत्रा चालतात त्या कोणीतरी कानाडोळा करते म्हणून. कानाडोळा म्हणजे हक्क नव्हे. एक अर्ज पडला, एक कडक अधिकारी आला, की पहाटेचा राक्षस कायमचा जिवंत राहील.

म्हणून मागणी मोजकी आहे. प्रत्येक गावाला ग्रामसभेने आधी ठरवलेली वर्षातली एक रात्र, पहाटेपर्यंत, कर्ण्याविना. आणि २०१० च्या दुरुस्तीतून मृदंग, पेटी, झांज बाहेर. ग्रामसभेच्या ठरावाने केंद्राचा नियम बदलत नाही, हे मला समजते. पण गावोगावचे ठराव एका टपालाने जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर आणि तिथून मंत्रालयात जाऊन पडले, तर त्यांचे उत्तर द्यावे लागेल. दिवाळीनंतर पंधरवड्यात कार्तिकी पौर्णिमा येते आणि पेटारे बाहेर निघतात. तोवर कागद तयार ठेवता येईल.