आमच्या गोळ्या चालू-बंद करणारे तुम्ही कोण?

पाळी जाताना द्यायच्या हार्मोन्सबद्दल डॉक्टरमंडळींचं मत गेल्या साठ वर्षांत किती वेळा बदललं, ते जरा पाहू या. १९६६ साली अमेरिकेत रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांचं ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक आलं. पाळी गेलेली बाई म्हणजे रोगी बाई, तिला इस्ट्रोजेन द्या म्हणजे ती तरुण राहील, असा त्याचा सूर. (कुणासाठी तरुण, हे विचारायला नकोच!) १९७५ मध्ये कळलं की नुसतं इस्ट्रोजेन दिल्याने गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. मग त्याला प्रोजेस्टिनची जोड मिळाली. नव्वदच्या दशकात हृदयासाठी गोळ्या, हाडांसाठी गोळ्या. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातला एक भाग मध्येच थांबवला गेला आणि रातोरात त्याच गोळ्या विष ठरल्या. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचे ठळक इशारे या औषधांवरून काढत असल्याची घोषणा केली.

नवी माहिती आली की मत बदलावंच. माझं भांडण त्याच्याशी नाही. ते बदललेलं मत बाईपर्यंत दर वेळी हुकूम म्हणून का येतं, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझंच सांगते. २००० साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मला या गोळ्या सुरू झाल्या. अंगातून वाफा निघत, रात्री घामाने गादी ओली होई, झोप नाही. गोळ्यांनी आराम पडला. दोन वर्षांनी तपासणीला गेले तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर आडवी रेघ मारली. “आता हे देत नाहीत.” बस्स, एवढंच वाक्य. पंधरा दिवसांत वाफा परत आल्या, घाम परत आला. परत गेले तर उत्तर मिळालं, “या वयात होतंच, मन रमवा.”

मन मी गेली चाळीस वर्षं मोर्चांत आणि वस्त्यांत रमवतेच आहे, त्याने घाम थांबत नाही!

त्या अभ्यासात काय होतं ते मी पुढे एका डॉक्टर मैत्रिणीकडून समजून घेतलं. सोळा हजारांहून अधिक बायका, सरासरी वय ६३. मी होते पन्नाशीची. दहा हजार बायकांनी एक वर्ष जोडगोळी घेतली तर ३८ जणींना स्तनाचा कर्करोग, न घेणाऱ्यांत ३०. म्हणजे आठ जास्त. पक्षाघातही आठ जास्त, पण खुब्याचं हाड मोडणाऱ्या पाच कमी. हे आकडे ऐकून एखादी म्हणेल, मला नको. दुसरी म्हणेल, मला झोप हवी, मी हा धोका पत्करते. दोघीही शहाण्याच. पण छापून काय आलं? “कर्करोग सव्वीस टक्क्यांनी वाढतो.” तेही खरंच, पण घाबरवणारं, ठरवायला मदत न करणारं.

मात्रा कमी करता येते, गोळीऐवजी त्वचेवर लावायची पट्टी किंवा जेल असतं आणि त्यात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. योनीच्या कोरडेपणासाठी कमी मात्रेचं मलम मिळतं, हेही नाही. या दुखण्याबद्दल तर घरात बोलायचीही सोय नसते.

आपल्यातल्याही काही जणी म्हणतात, पाळी जाणं नैसर्गिक आहे, हा सगळा कंपन्यांचा डाव. हा संशय आपण फुकट कमावलेला नाही. नेट-एन इंजेक्शनविरुद्ध हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती आपलीच लढाई होती. पण ‘घेऊ नकोस’ हाही हुकूमच की! रात्रभर जागून सकाळी आठच्या लोकलला लटकणाऱ्या बाईला निसर्गाचं व्याख्यान कशाला?

आणि सगळ्यात मोठा अन्याय तर या वादाच्या बाहेरच राहिला आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. सरकारी समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींचं वय तिशी-पस्तिशीचं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली असतील तर हार्मोन्स हळूहळू कमी होत नाहीत, एकदम तुटतात. वाफा येतातच, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा तरुण बाईला, स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसेल तर, पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन्स द्यावीत, असं वैद्यकशास्त्रच सांगतं. २००२ चे ते आकडे तिचे नव्हतेच. तिला मिळतं काय? टाके काढले की ‘जा घरी’, आणि मुकादमाची उचल फेडायला पुन्हा फडात.

म्हणजे जिला गरज नव्हती तिला ‘तरुण राहा’ म्हणून विकलं, जिला गरज होती तिला नावही सांगितलं नाही!

मैत्रिणींनो, शिबिरात बायका सांगतात, “माझी पिशवी काढली.” अंडाशयं ठेवली की काढली, हे बहुतेकींना ठाऊक नसतं. कार्ड इंग्रजीत. तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येकीला डिस्चार्ज कार्ड घेऊन बोलवा. त्यावर ‘बीएसओ’ ही तीन अक्षरं असतील तर दोन्ही अंडाशयं आणि नलिका काढल्या आहेत. तिचं वय पंचेचाळीसच्या आत असेल तर तिच्याबरोबर दोघी-तिघींनी जिल्हा रुग्णालयात जा. पुढे काय, काय घ्यायचं, किती दिवस, कोणत्या तपासण्या, हे विचारा. उत्तर मराठीत, कागदावर लिहून मागा. आणि चालू गोळी कुणी बंद करत असेल तर त्याचं कारणही त्याच कागदावर.