सगळं हिरवं आहे, साहेब!

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, कारण डोकं तापलंय. त्यातही सगळ्यात जास्त स्वतःवरच, त्यामुळे जरा तिरकं लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

मागच्या रविवारी रात्री जेवण मागवलं होतं. सोसायटीच्या गेटवर मुलगा आला, मी ओटीपी सांगितला, त्याने टाकला आणि स्क्रीन जागच्या जागी थिजली. मग ती ओळखीची पाटी आली, अ‍ॅप प्रतिसाद देत नाही.

"दोन मिनिटं थांबा दादा, रोजचंच आहे."

"किती वेळा होतं असं?"

"दर दोन-तीन ऑर्डरला. पुढच्या ऑर्डरला उशीर झाला की तो माझ्याच नावावर लागतो."

फोन साधाच, दोन जीबी रॅमचा, काचेला तडा गेलेला. आणि अ‍ॅप? आमचंच. म्हणजे मी जिथे नोकरी करतो तिथलं, डिलिव्हरीवाल्यांसाठी बनवलेलं. हे मी त्याला सांगितलं नाही. पिशवी घेतली आणि गुपचूप वर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीमच्या चॅटवर नेहमीचा मेसेज: क्रॅश मर्यादेत, एएनआर मर्यादेत, स्थिती उत्तम. शेजारी हिरवा टिक. हा मेसेज माणूस लिहीत नाही, एआय एजंट लिहितो. आणि तो एजंट जोडला कोणी? अस्मादिकांनी!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एआयला बाहेरची साधनं जोडायची एमसीपी नावाची एक पद्धत अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. ती वापरून गुगल प्लेच्या रिपोर्टिंग एपीआयवर एक छोटं टूल चढवलं, की "अ‍ॅप कसं चाललंय?" असं विचारायचं आणि उत्तर घ्यायचं. आधी दर सोमवारी तासभर आकडे एक्सेलमध्ये चिकटवायचो मी. तो तास वाचला, हे नाकारत नाही. साहेबांनी तर खूश होऊन सोमवारची आकड्यांची मीटिंगच रद्द केली. सगळे सुटलो.

आता त्या हिरव्या टिकची गंमत बघा. बोट लावल्यावर अ‍ॅपने ५ सेकंद दाद दिली नाही तर त्याला एएनआर म्हणतात. गुगलची मर्यादा अशी की रोज अ‍ॅप वापरणाऱ्यांपैकी ०.४७ टक्क्यांपेक्षा जास्त लोकांना हे भोगावं लागू नये. समजा एक लाख लोक आहेत आणि ३०० जणांचं अ‍ॅप अडकलं. ०.३ टक्के. हिरवा टिक! पण ते ३०० जण एकाच स्वस्त मॉडेलवाले असतील आणि त्या मॉडेलचे फोन एकूण २००० असतील, तर? १५ टक्के. एकेका मॉडेलसाठी गुगलचीच वेगळी मर्यादा ८ टक्क्यांची आहे. आकडे तेच, भागायचं कशाने एवढाच फरक.

आणि याहून वाईट म्हणजे, हा दर माणसं मोजतो, वेळा मोजत नाही. दिवसात एकदा अडकलेला आणि वीसदा अडकलेला, दोघेही एकच. गेटवरच्या त्या पोराचा अख्खा दिवस आमच्या हिशोबात फक्त '१' होता. (शिवाय हा दिवससुद्धा आपला नाही. गुगल तो लॉस एंजेलिसच्या घड्याळाने मोजतं. एजंट "शनिवारी" म्हणतो तेव्हा त्यात आपल्या रविवारची सकाळ असते आणि शनिवारची सकाळ नसते. जेवण पोचवणाऱ्या कंपनीला हे कळायला नको?)

एपीआय हे सगळं फोडून देतो हो. मॉडेलप्रमाणे, रॅमप्रमाणे, व्हर्जनप्रमाणे, काय हवं ते. मागावं मात्र लागतं. आणि टूल लिहिताना मीच ते फोडणं ऐच्छिक ठेवलं होतं, कारण ओळी वाढल्या की टोकन वाढतात, टोकन वाढले की बिल. म्हणजे एजंट खोटं बोलला नाही. त्याला जेवढं दाखवलं त्यावर त्याने चोख उत्तर दिलं.

ऑफिसात हे सांगितलं तर एकजण म्हणाला, "मग प्रॉम्प्ट नीट लिहायचा ना!" अरे बाबा, रॅमप्रमाणे फोडून बघावं हे सुचायला आधी कधीतरी तो तक्ता डोळ्यांनी चाळलेला असावा लागतो. मला सुचलं ते गेटवर उभं राहिल्यावर, आणि मी तर हे काम पाच वर्षं करतोय. आमच्याकडे जूनमध्ये आलेला फ्रेशर आहे, हुशार आहे पोरगा, पण त्याने प्ले कन्सोल एकदाही उघडलेला नाही. गरजच पडली नाही. त्याच्यासाठी अ‍ॅपचं आरोग्य म्हणजे सोमवारचा तो टिक. वर्षभराने त्याला कोणता प्रश्न सुचणार? ती मीटिंग कंटाळवाणी होती, मान्य. पण त्या कंटाळ्यातच कोणीतरी "हा रकाना असा का दिसतोय?" म्हणायचं. "सगळं उत्तम आहे" असं लिहून आल्यावर कोण कशाला विचारेल?

असो. मंगळवारी रॅमप्रमाणे आकडे काढले. तीन जीबीच्या खालचे फोन अक्षरशः लाल. ओटीपी टाकल्यावर आम्ही अख्खी ऑर्डर हिस्टरी डेटाबेसमधून मेन थ्रेडवर वाचत होतो. माझ्या महागड्या फोनवर ते कधी जाणवलंच नाही. दुरुस्ती गुरुवारी गेली. टूलमध्ये मॉडेल आणि रॅम सक्तीचे केलेत, बिल वाढेल ते वाढेल. फ्रेशरला रोज सकाळी पंधरा मिनिटं कन्सोलसमोर बसवतोय. तो वैतागलाय.

सोमवारच्या मेसेजमधला टिक मी काढून टाकलाय, नुसता तक्ता जाईल. साहेबांचा काल मेसेज आला, "ते हिरवं छान दिसायचं रे, परत कधी येणार?" अजून उत्तर दिलेलं नाही.