डोक्यातलं दप्तर

हल्ली कंपन्यांमधून 'नॉलेज ऑडिट' करतात म्हणे. नाव भारदस्त असलं तरी गोष्ट साधी आहे. आपल्या संस्थेत कोणाला काय येतं, ते कुठे लिहून ठेवलंय की नुसतंच कोणाच्या डोक्यात आहे, आणि तो माणूस उद्या आला नाही तर काय अडेल, याची पाहणी. शाळेत आमच्याकडे डेडस्टॉक रजिस्टर असायचं. बाकं, नकाशे, घंटासुद्धा त्यात नोंदलेली. माणसांना काय येतं याचं रजिस्टर मात्र ३४ वर्षांच्या नोकरीत मी पाहिलं नाही.

याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात घडलं. २०२३ साली सरकारने कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. (आरक्षणाच्या वादात इथे शिरत नाही, आमच्या नात्यातच दोन तट आहेत!) महसूल, भूमी अभिलेख, पोलीस, तुरुंग, शाळा... सगळीकडची जुनी दप्तरं उघडली. कागद होते. पण त्यातले कितीतरी मोडीत, मराठवाड्यातले उर्दू-फारसीतही. मग मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध! एके काळी कारकुनाला मोडी यायचीच, त्यात विशेष काही नव्हतं. ती शाळांतून गेली तेव्हा कोणाची गैरसोयही झाली नाही, कारण वाचणारी माणसं अजून होती. ती माणसं गेल्यावर कपाटात कागद तेवढे उरले. म्हणून मला वाटतं, कागदांची यादी म्हणजे ज्ञानाची यादी नव्हे. कागद आणि तो उलगडणारा माणूस, दोघांची नोंद हवी.

जी कामं कागदावर येतच नाहीत त्यांचं तर काय सांगावं. आमच्या वर्तकनगरच्या शेजारी, जेकेग्रामला रेमंडची गिरणी होती. १९२५ साली सुरू झालेली रेमंड. ठाण्यातलं तिचं उत्पादन २००९ साली थांबलं. गिरणीच्या जमिनीवर आता टॉवर उभे राहिलेत. लोकरी कापड मागावरून उतरलं की त्यावर हात फिरवून गाठी शोधायच्या, तुटलेला धागा सुईने परत भरायचा, हे काम नजरेचं नि बोटांचं. गिरणी बंद होते तेव्हा यंत्रांना निदान भंगाराचा भाव येतो. बोटांना कसला भाव?

माझं मत विचाराल तर ही पाहणी साहेबांच्या केबिनमधून सुरू करू नये. प्रत्येकाला एकच विचारावं, "अडलं की तुम्ही कोणाकडे जाता?" आमच्या शाळेत सगळ्यांनी एकच नाव घेतलं असतं, शिपाईमामांचं. साठीचा एखादा माजी विद्यार्थी जन्मतारखेच्या दाखल्यासाठी यायचा. जनरल रजिस्टरचे जुने खंड कुठल्या पेटीत, कोणतं पान सुटं झालंय, कोणाचं आडनाव मागाहून बदललं, हे मामांना तोंडपाठ. ते निवृत्त झाले, नारळ-शाल झाली. पुढच्या एका नोंदीसाठी मुख्याध्यापकांनी तीन आठवडे पेट्या उपसल्या. शेवटी मामांच्या घरी जावं लागलं.

पण लोक सांगतील का? ही खरी मेख आहे. आपल्याला येतं तीच आपली भाकरी, हे कोणाला कळत नाही? आज सगळं लिहून घेतलं आणि उद्या माझ्या जागी कंत्राटी माणूस बसवला तर? ही भीती खोटी नाही. आजूबाजूला तेच चाललंय. तेव्हा आधी नोकरीचा शब्द द्यावा आणि मग वही काढावी. शब्द द्यायचा नसेल तर ऑडिटवाल्यांना बोलावून पैसे तरी कशाला घालवायचे? समोर बसून माणूस गोड बोलेल आणि मुख्य तेवढं सांगणार नाही.

दुसरं म्हणजे, सगळं लिहून होत नाहीच. शेजारी बसून शिकावं लागतं. आपल्याकडे जुना माणूस गेल्यावर पद रिक्त, मग मंजुरी, मग भरती. नवा येतो तोवर जुना नातवंडांत रमलेला असतो. दोघांची गाठच पडत नाही. जाणाऱ्याच्या शेवटच्या सहा महिन्यांत नवा माणूस त्याच्या हाताखाली द्यावा. सहा महिने दोन पगार जातील, हिशेबनीस कुरकुर करतील. करू देत. तुमच्यापैकी बँकेत किंवा पालिकेत काम केलेल्यांनी सांगावं, तुम्हाला तरी कोणी जाताना विचारलं होतं का?