कानांची श्रीमंती

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड शहराजवळ राहणाऱ्या केन फ्रिट्झ या गृहस्थांनी आपल्या घराचा मोठा भाग संगीत ऐकण्याच्या एका खोलीसाठी वाहिला होता. फायबरग्लासचे साचे बनविणे हा त्यांचा व्यवसाय. १९८०च्या दशकात त्यांनी काम हाती घेतले आणि पुढील कित्येक वर्षे ते चालूच राहिले. पुरुषभर उंचीलाही लाजवतील असे दहा फुटी स्पीकर त्यांनी स्वतः घडविले. त्यांतील एकेकाचे वजन सहाशे किलोंच्या पुढे होते, आणि ध्वनिमुद्रिका फिरविणारे त्यांचे यंत्रही तेवढेच जड होते. सुई ज्या तबकडीवर टेकायची तिला जमिनीचा किंचितही कंप जाणवू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप! एकूण खर्च सुमारे दहा लाख डॉलर झाल्याचे सांगितले जाते. २०२१ साली या ध्यासावर माहितीपट निघाला. २०२२ साली फ्रिट्झ यांचे निधन झाले आणि त्यानंतर ती सारी यंत्रणा सुटी सुटी करून लिलावात विकली गेली. हाती आले १,५६,८०० डॉलर.

बँकेच्या ताळेबंदात हा घसारा भयंकरच दिसेल. ‘हौसेला मोल नसते’ असे आपण म्हणतो खरे. परंतु लिलावदार मात्र मोल लावतोच, आणि ते बहुधा फारच कमी असते. म्हणून या गृहस्थांना वेडात काढावे काय? तसे करणे अन्यायाचे होईल. ज्याने हयातभर एका गोष्टीचा पाठपुरावा केला, तो नेमके काय शोधत होता हे आधी समजून घ्यायला हवे.

या छंदाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे : यंत्रातून आलेला स्वर जिवंत स्वरासारखा भासू शकेल काय? १९५४ साली इंग्लंडमधील व्हार्फडेल या स्पीकर कंपनीचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी हा प्रश्न थेट श्रोत्यांपुढेच मांडला. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी प्रत्यक्ष वादन आणि त्याच वाद्यांचे ध्वनिमुद्रण आलटूनपालटून ऐकविले. हजारो लोक तिकिटे काढून आले होते. त्यांच्या साहाय्याला असलेले क्वाड कंपनीचे पीटर वॉकर यांनी तीनच वर्षांनी एक विलक्षण स्पीकर बाजारात आणला. त्यात नेहमीचा कागदी शंकू नव्हता. सच्छिद्र तक्त्यांच्या मध्ये ताणलेला, केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा विद्युतभाराने थरथरे आणि ती थरथर म्हणजेच गाणे. दिसायला तो एखाद्या खोली उबदार करणाऱ्या शेगडीसारखा; खर्ज बेताचा, मोठा आवाजही त्याला सोसवत नसे. परंतु माणसाचा गळा त्यातून असा काही उमटे की आजही जुने संच दुरुस्त करून वापरणारे शौकीन आहेत. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची किती घरगुती यंत्रे आज अशी जिवापाड जपली जातात?

भारतीय संगीताच्या श्रोत्याला तर या सूक्ष्मतेचे महत्त्व निराळे सांगायला नको. तानपुऱ्याची जवारी नीट लागली म्हणजे एका तारेतून स्वरांचे जे मोहोळ उठते, ते सामान्य यंत्रावर नुसत्या गुणगुणीत विरून जाते. चांगल्या यंत्रणेवर षड्जाच्या तारेतून अलगद डोकावणारा गंधार ऐकू येतो, डग्ग्यावरची घासत गेलेली घुमक लांबत जाताना कळते, आणि गायकाने तान घेण्यापूर्वी भरलेला श्वासही. ही चैन आहे असे कोणी म्हणेल. पण ज्यांनी तो श्वास एकदा ऐकला, त्यांना मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर तेच गाणे ऐकताना काय हरवले ते पक्के ठाऊक असते.

मात्र कौतुकाबरोबर थोडा चोखंदळपणाही हवा. या छंदाच्या बाजारात मोटारगाडीच्या किमतीची तार मिळते. जपानमध्ये तर काही शौकिनांनी घरापुरता स्वतंत्र विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर बसवून घेतल्याच्या बातम्या २०१६ साली आल्या. कारण शेजाऱ्यांच्या घरातील उपकरणांमुळे आपली वीज ‘मलिन’ होते, असे त्यांचे म्हणणे. तिथे मात्र आपल्या कानांचाच जबाब घ्यावा. अमेरिकेतील मायर आणि मोरान या दोघांनी २००७ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. अतिसूक्ष्म ध्वनिमुद्रणाच्या महाग तबकड्या आणि तेच संगीत साध्या सीडीच्या प्रतीवर उतरवून, कोणते कोणते हे न सांगता श्रोत्यांना ऐकविले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, म्हणजे नाणेफेकीपेक्षा काडीमात्रही अधिक नाही. पुढे २०१६ साली अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या असता बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के निघाले. फरक अगदीच नाही असे नाही. पण तो केवढा, हे त्या दोन टक्क्यांनी सांगितलेच आहे. शिवाय निसर्गाची एक थट्टा आहे : वयपरत्वे कानाला उंच स्वर ऐकू येईनासे होतात, आणि अशी यंत्रणा घेण्याइतका पैसा माणसाच्या गाठीला साधारण त्याच सुमारास जमतो.

जाणकार म्हणूनच तारेआधी खोलीकडे पाहतात. ४० हर्ट्झच्या खर्जाची एक लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते. आपल्या नेहमीच्या दिवाणखान्यात ती मावतच नाही. भिंतींवर आपटून परत येते आणि कुठे दुप्पट होते तर कुठे नाहीशी. सोफा दोन फूट पुढे ओढला तर तबला बदलल्यासारखा वाटतो, तो याच कारणाने. उघड्या फरशीवर सतरंजी, समोरच्या भिंतीशी पुस्तकांनी भरलेले कपाट, स्पीकर कोपऱ्यातून थोडे बाहेर — एवढ्याने जे साधते ते पुष्कळदा लाखाच्या यंत्रानेही साधत नाही. फ्रिट्झ यांना हे उमगले होते. त्यांनी यंत्रांइतकेच खोलीवर कष्ट घेतले.

या छंदाची एक अडचण मात्र कोणत्याही यंत्राने सुटलेली नाही. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण जमला की स्वर आपापल्या जागी उभे राहतात. गायक मध्ये, तबला उजवीकडे, संवादिनी डावीकडे. पण त्रिकोणाला तिसरे टोक एकच असते. अशा खोल्यांतून पुष्कळदा एकच खुर्ची दिसते ती त्यामुळे. फ्रिट्झ यांच्या ध्यासाची किंमत त्यांच्या घरच्यांनाही मोजावी लागल्याचे त्यांच्या निधनानंतर लिहिले गेले. लिलावाच्या आकड्यापेक्षा ही नोंद अधिक अस्वस्थ करणारी आहे.

आपल्याकडे ऐकण्याची रीत निराळी होती. आकाशवाणीवर १९५२ साली संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री आळीतल्या ज्या घरी रेडिओ असे तिथे शेजारी येऊन बसत. व्हॉल्व्ह तापून आवाज यायला क्षणभर लागे, मध्येच खरखर होई, आणि स्वर एकाच स्पीकरमधून यायचा, त्यामुळे कोणीही कुठेही बसले तरी चाले. ती ध्वनिगुणवत्ता परत यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु तासभर हातात दुसरे काही न घेता, मध्येच गाणे न बदलता, एक राग संपेपर्यंत बसून राहण्याची ती सवय आता दुर्मीळ झाली आहे. आणि नेमकी तीच सवय आजच्या काळात ज्यांनी टिकवून धरली आहे, त्यांत या यंत्रवेड्यांचा क्रमांक बराच वर लागेल. ध्वनिमुद्रिका बाहेर काढणे, पुसणे, सुई हलकेच टेकविणे, वीस-पंचवीस मिनिटांनी उठून बाजू बदलणे, या साऱ्यात गाण्याला दिलेला मान आहे. त्यासाठी त्यांचे कौतुक करावे. त्यांच्या तारांच्या किमतीसाठी नव्हे.

ज्या कोणा वाचकाच्या मनात निवृत्तीच्या रकमेतून असा संच घेण्याचा विचार असेल, त्याने दुकानात जाताना आपली नित्याची, पाठ झालेली एक ध्वनिमुद्रिका बरोबर न्यावी आणि ती दोन-तीन संचांवर शांतपणे ऐकावी. किंमत नंतर विचारावी. आणि घरी मांडणी करताना शेजारी दुसरी खुर्ची अवश्य ठेवावी. त्या खुर्चीवरून तानपुरा किंचित डावीकडे सरकल्यासारखा वाटतो. गाणे मात्र तेच ऐकू येते.