औषध लागू होईना झालं, म्हणजे कॅन्सरपुढं हात टेकायचे का?

सेलू : "आधी केमो लागू होत होती, आता होईना." तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट ज्या घरात आहे, तिथं हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतं. असं का होतं?

कापूसवाल्यांना हे सांगायची गरज नाही. 2006 ला बीजी-2 आलं तेव्हा बोंडअळी मरत होती. थोड्या वाचल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढली अन् 2017 ला बोंडं आतून पोखरून निघाली. बियाणं तेच, अळी बदलली. (रेफ्युजीची पाकिटं किती जणांनी पेरली, ते आपलं आपल्याला माहीत.) गाठीतल्या पेशीही सगळ्या सारख्या नसतात. औषधानं बहुतेक मरतात, काही तगतात. काही तर आत आलेलं औषध बाहेर फेकतात. पुन्हा वाढते ती गाठ ह्या तगलेल्यांची. फरक एवढाच की अळी शेजारच्या शेतात जाते, कॅन्सर शेजाऱ्याला लागत नाही. तरी काही घरांत पेशंटचं ताट वेगळं असतं!

मग डॉक्टर वाट बदलतात. पेशी थेट मारण्याऐवजी शरीराच्या स्वतःच्या सैनिकांना लावलेला ब्रेक सोडवायचा. निवोलुमॅब हे इंजेक्शन तेच करतं, पण महाग. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना 240 मिलिग्रॅम. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांना फक्त 20 मिलिग्रॅम दिलं, जोडीला कमी डोसच्या तीन जुन्या गोळ्या. डोकं-मान-तोंडाचा कॅन्सर हाताबाहेर गेलेले 151 पेशंट त्या अभ्यासात होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगले शंभरातले 16, इंजेक्शन जोडल्यावर 43. हे 2022 ला छापून आलं.

बरे झाले असं नाही, वर्ष काढलं. पण लेकीचं लग्न, पोराची बारावी अशा वर्षातच होते.

रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आयआयटी मुंबई अन् टाटानं मिळून कार-टी उपचार काढला, ऑक्टोबर 2023 ला मंजुरी मिळाली. पेशंटच्याच पेशी काढून, बदलून परत सोडतात. खर्च 40 लाखांच्या आसपास. परदेशापेक्षा कितीतरी कमी, पण कोरडवाहू पाच एकरवाल्याला दोन्ही सारखेच.

म्हणून माझ्या मते आपल्या कामाची बातमी त्या 20 मिलिग्रॅमची आहे. औषध थकलं असं डॉक्टर म्हणाले तर वावर विकायच्या किंवा बाबाकडं जायच्या आधी विचारा, "कमी डोसचं निवोलुमॅब आमच्या पेशंटला चालेल का? फुले योजनेत काय बसतं?" जुनी फाईल अन् सगळे रिपोर्ट सोबत ठेवा, आधी कोणतं औषध किती दिवस दिलं, हे बघूनच पुढचं ठरतं.